पोटखराबातली सफारी

श्रोतेहो, सफारी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाघ उभा राहतो. गेल्या हिवाळ्यात तो आमच्या घरातही उभा राहिला. नातीला नाताळची सुट्टी लागली आणि तिने जाहीर केलं, "आजोबा, मला वाघ बघायचाय." मग जावईबापू संगणकासमोर बसले आणि ताडोबाचं बुकिंग शोधू लागले. ज्या दिवशी जागा होती त्या दिवशी त्यांना रजा नव्हती, आणि ज्या दिवशी रजा होती त्या दिवशी जागा नव्हती. मोठ्या मुश्किलीने सगळ्यांना सोयीचा एक मंगळवार निघाला, तर मंगळवारी ताडोबा बंद! नात हिरमुसली.

तेव्हा जावई म्हणाले, "बाबा, आपल्याच जिल्ह्यात एक सफारी आहे. पुणे वनविभागाने सुरू केलीय. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळला. गवताळ सफारी. गावातलाच गाईड बरोबर येतो. लांडगा दिसतो म्हणे."

मी मोठ्याने हसलो. म्हटलं, "अहो, तिथे काय आहे? नुसता माळ आहे. त्या भागातली निम्मी जमीन मी पायाखाली घातलीय. तिथे सफारी कसली करताय?"

मी असं का म्हणालो, ते सांगायला हवं. मी सगळी नोकरी जमीन मोजण्यात घालवली. भूकरमापक म्हणून लागलो आणि निवृत्त होईपर्यंत हद्दीचे दगड, टिपणं, फाळणी, गुणाकार बुकं आणि आकारफोड यांच्यातच राहिलो. ऐंशीच्या दशकात चार-पाच वर्षं इंदापूर तालुक्यात होतो. सकाळी प्लेन टेबल आणि साखळी घेऊन निघायचं, उन्हात दिवसभर माळ तुडवायचा आणि संध्याकाळी कागदावर आकडे मांडायचे.

ज्यांच्या घरी सातबारा आहे त्यांना 'पोटखराब' हा शब्द माहीत असेल. तुमच्या गटात लागवडीला न येणारी जी जागा असते, म्हणजे खडक, मुरूम, ओघळ, ती पोटखराब. तिच्यावर आकार बसत नाही. आकार म्हणजे सरकारी सारा. ज्या जमिनीचा सारा येत नाही, ती आमच्या कागदावर असून नसल्यासारखी. कोणी शिकवलं नव्हतं, पण वर्षानुवर्षं 'खराब', 'पडीक' असे शब्द लिहून लिहून डोळ्यांनाही तशी सवय लागते. समोर चांगलं गुडघाभर गवत डोलत असतं आणि आपण लिहितो, खराब.

आणि गंमत बघा, या सगळ्या मोजणीचा इंदापूर तालुक्याशी फार जुना संबंध आहे. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी पुणे भागात प्रिंगल या अधिकाऱ्याकडून जमिनीची आकारणी करवली. ती इतकी जड झाली की शेतकरी गावं सोडून जाऊ लागले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी १८३६ च्या सुमारास नव्याने मोजणी आणि आकारणी सुरू केली, ती इंदापूर तालुक्यापासूनच. मातीचा रंग, पोत, खोली बघायची आणि जमिनीला आणे द्यायचे. चांगली काळी जमीन सोळा आणे, हलकी असेल तसे आणे कमी. हीच पद्धत पुढे साऱ्या मुंबई इलाख्यात गेली. शेतकऱ्यावरचं ओझं त्यामुळे कमी झालं, हे खरं आहे. पण जमिनीची किंमत म्हणजे तिच्यातून निघणारं पीक आणि पिकातून निघणारा सारा, हेही तेव्हाच पक्कं झालं. माळाला त्या हिशेबात जागाच नव्हती.

त्या दिवसांतला एक प्रसंग मी पुढे कित्येक वर्षं चहाच्या वेळी विनोद म्हणून सांगायचो. एका माळावर मोजणी चालली होती. मेंढरं घेऊन एक म्हातारा धनगर जवळ आला आणि माझ्या कागदात डोकावून म्हणाला, "सायेब, काय लिवताय?" मी म्हटलं, "पोटखराब." तो म्हणाला, "खराब? मंग आमची मेंढरं इतकी वर्सं काय खात्यात?" आम्ही सगळे हसलो. तो हसला नाही. मेंढरं हाकत निघून गेला. त्याने मला प्रश्न विचारला होता, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही.

असो. तर नातीच्या हट्टापुढे आजोबांचं काही चाललं नाही. सफारीचं बुकिंग ऑनलाइन झालं आणि जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे चार वाजता आम्ही पाचजण निघालो. मुलगी, जावई, नात, आमच्या सौ. आणि मी. सौ.नी मेथीचे ठेपले आणि थर्मासभर चहा घेतला होता. हडपसर, उरुळी कांचन, यवत, पाटस, कुरकुंभ अशी ओळखीची गावं अंधारात मागे पडत होती. पूर्वी याच रस्त्याने एस.टी.ने जायचो, तेव्हा हडपसर सुटलं की रान लागायचं. आता यवत येईपर्यंत शहर संपल्यासारखं वाटतच नाही. भिगवण ओलांडल्यावर महामार्ग सोडून आत वळलो. दोन्ही बाजूंना ऊस. उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या कारखान्याकडे निघालेल्या.

हा ऊस म्हणजे पाण्याची करामत. हा सगळा अवर्षणाचा पट्टा. वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पण १८८० च्या दशकात नीरेचा डावा कालवा आला आणि १९८० च्या सुमारास भीमेवर उजनी धरण झालं. पाणी जिथवर पोचलं तिथवर जमिनीचे आणे वाढले. जिथे पोचलं नाही, तिथे माळ राहिला. आम्ही निघालो होतो तो हा राहिलेला माळ बघायला.

गाईड म्हणून आला तो पंचविशीच्या आतला मुलगा. त्याच भागातला. कानटोपी, गळ्यात दुर्बीण. गाडीत पुढे बसला आणि त्याने पहिलं काम केलं ते गाणी बंद करायला लावण्याचं. मग सूचना. मोठ्याने बोलायचं नाही, गाडीतून उतरायचं नाही, वाटेबाहेर गाडी घालायची नाही, प्लास्टिक टाकायचं नाही. नातीने विचारलं, "दादा, लांडगा दिसेल ना?" तो म्हणाला, "दिसंल बी आणि नाही बी. पण माळ तर दिसंलच की." मला वाटलं, झालं, म्हणजे याच्याकडे दाखवायला काही नाही.

सूर्य उगवायचा होता. धुकं जमिनीलगत बसलं होतं आणि पिवळं पडलेलं कुसळी गवत दवाने वाकलं होतं. मध्येच एखादा हिवर, एखादी बाभूळ, बोरीचं झुडूप. पहिली वीस मिनिटं मला काहीच दिसलं नाही. गाईड मात्र सारखा गाडी थांबवत होता.

"आजोबा, त्या हिवराच्या बुडाला बघा."

मला हिवर दिसला, बूड दिसलं, पण आणखी काही नाही. दुर्बीण लावली तरी नाही. मग त्या बुडातलं काहीतरी हललं. एक काळी शेपटी झटक्यात उडाली आणि तिच्यामागे आख्खा चिंकारा तयार झाला! तो मघापासून तिथेच उभा होता. मग एकाचे तीन झाले, तीनाचे पाच. तांबूस अंग, पांढरं पोट, डोक्यावर वळ्यावळ्यांची शिंगं. मादीलाही बारीक शिंगं असतात, हे गाईडने सांगितलं. एकाने नाकातून शिंकल्यासारखा आवाज केला आणि सगळे ताठ झाले. "आपल्याला बगितलं त्यांनी," गाईड म्हणाला. "हा त्यांचा इशारा." हा प्राणी पाण्यावाचून कितीतरी दिवस काढतो. पाल्यातून आणि दवातून मिळेल तेवढ्यावर भागवतो. पाण्यासाठी एवढी भांडणं करणाऱ्या आपल्या जिल्ह्यात असाही एक रहिवासी आहे.

मग त्या मुलाने आम्हांला माळ वाचायला शिकवला. वाटेवर पडलेली विष्ठा दाखवली. केसांनी भरलेली ती लांडग्याची, बोराच्या बिया असलेली खोकडाची, हाडांचा चुरा खाऊन पांढरी पडलेली ती तरसाची. जमिनीवर पळत जाणारा धाविक पक्षी दाखवला. मातीच्या रंगाचा, उभा राहिला तरच दिसणारा. पखुर्ड्यांची जोडी गाडीपासून दहा फुटांवर बसली होती. ती उडाली तेव्हा कळलं की तो दगड नव्हता. गवतावरून खाली-खाली तरंगत जाणारा भोवत्या दाखवला. हा शिकारी पक्षी मध्य आशियातून हिवाळ्यासाठी आपल्याकडे येतो आणि माळावरचे नाकतोडे खातो. रात्री झाडावर झोपत नाही, उंच गवतात जमिनीवर झोपतो. म्हणजे त्याला झाडापेक्षा गवताची गरज जास्त. मी आयुष्यभर ज्या जागेवर रेघ मारून पुढे गेलो, तिथे इतक्यांची बिऱ्हाडं होती.

आता एक कबुली. साडेआठ वाजत आले, ऊन चढू लागलं आणि लांडग्याचा पत्ता नव्हता. नातीचं तोंड उतरलं होतं. बोलता बोलता गाईडच्या तोंडून निघून गेलं होतं की एका ओढ्याच्या बाजूला लांडग्याची ढोल आहे, ढोल म्हणजे बीळ, आणि तिथे पिल्लं असावीत. मी खिशातून पाचशेची नोट काढली आणि हळूच म्हटलं, "बाळा, लांबूनच दाखव. पोरगी एवढ्या लांबून आलीय." खोटं कशाला बोलू, जावयांनी नाही, मीच काढली.

त्याने नोटेकडे बघितलंही नाही. म्हणाला, "आजोबा, आपण गेलो की आईला वास लागतो. मग ती पिल्लं तोंडात धरून दुसरीकडं हलवती. वाटंत कुत्री असत्यात. एकांदं पिल्लू राहतं मागं. आन् मंग उद्या येणाऱ्याला मी काय दाखवू?" पुढे म्हणाला, "फोटोवालं लई मागं लागत्यात. आमी न्हाई नेत."

मी नोट परत खिशात घातली. मागच्या सीटवर नातीने हे सगळं ऐकलं होतं, हे मला जास्त लागलं. पण ती थोड्या वेळाने म्हणाली, "दादा, नको तिकडे जायला." बरं वाटलं.

आणि परतीच्या वाटेवर लांडगा दिसला. गाईड ओरडला नाही. त्याने फक्त हात वर केला आणि गाडी थांबली. शंभर-दीडशे पावलांवर, गवत आणि नांगरट यांच्या सीमेवरून, एक करडा-तांबूस प्राणी तिरका चालला होता. पहिल्यांदा वाटलं कुत्रा. पण कुत्रा असा चालत नाही. मान पाठीच्या रेषेत, शेपूट खाली, पावलं लांब आणि घाई अजिबात नाही. त्याच्या मागून काही अंतरावर दुसरा. पहिला थांबला, आमच्याकडे वळून बघितलं, आणि मग जणू आम्ही एखादं झुडूप असावं तसा पुढे निघाला. दोन मिनिटं असेल. मग ते दोघं गवतात शिरले आणि पुन्हा नुसतं गवत राहिलं.

नात कुजबुजली, "किती बारीक आहे!" खरंच आहे. गोष्टींतला लांडगा मोठा, केसाळ, सुळे बाहेर काढलेला. हा आपला माळावरचा लांडगा वीस किलोच्या आसपासचा, सडपातळ, उन्हातान्हात मैलोन्‌मैल चालणारा. पण त्याचं कूळ फार जुनं. जगातल्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या शाखांपैकी ही एक, असं जनुकांच्या अभ्यासातून दिसलंय. आपल्या देशात आता असे सुमारे ३ हजार लांडगे उरले असावेत. वाघांची २०२२ ची सरासरी गणना ३,६८२ होती. म्हणजे आम्हांला ताडोबाचं तिकीट मिळालं नाही म्हणून जो प्राणी बघायला आम्ही नाइलाजाने आलो, तो देशात वाघापेक्षा कमी आहे! शिवाय त्याला वाघासारखं राखीव जंगल फारसं नाही. तो आपल्या शेताच्या बांधावरून, गायरानातून, मेंढरांच्या मागून जगतो. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे, पण त्याच्या घराचं नाव आमच्या कागदावर 'पडीक'.

सफारी संपल्यावर परत निघालो, तर रस्त्यालगत एका धनगराचा वाडा बसलेला दिसला. वाडा म्हणजे घर नव्हे, मेंढरांचा मुक्काम. मेंढरांभोवती दोरीची जाळी लावलेली, तिला वाघर म्हणतात. दोन घोडी, चार कुत्री, तीन दगडांची चूल. मी गाडी थांबवायला सांगितली. धनगर साठीचा होता.

"या पावनं. कुठलं गाव?"

"पुणे. सफारीला आलो होतो. लांडगा बघितला."

"बगितला व्हय? मंग आमचंच कोकरू खाऊन निगाला आसंल." तो हे सहज बोलला, पण त्याच्या घरच्या बाईने चुलीवरून मान वर केली. आदल्या रात्री वाघरीतून दोन महिन्यांचं कोकरू गेलं होतं. सरकारी भरपाई असते, ती मिळतेही, पण कोकरू जागेवरच राहिलं तर पंचनामा. "उचलूनच न्हेलं. पंचनाम्याला दावायचं काय?"

मी विचारलं, "मामा, राग येत नाही?"

"येतुया की. रातभर झोप न्हाई. पन त्येलाबी पोट हाय. आमचं बाप म्हनायचं, त्येच्या वाटंचं एकांदं धरूनच चालायचं. माळ हाय तवर त्यो बी हाय आन् आमी बी हाय. कंपाउंड पडलं की दोगं बी गेलो." मग थोडं थांबून म्हणाला, "तुमी लांडगा बगायला पैसं दिलं न्हवं? त्यातलं ह्या कोकराला काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सफारीमुळे गावातल्या पोरांना काम मिळतंय, माळ राखायला एक कारण मिळतंय, हे मी डोळ्यांनी बघून आलो होतो. पण लांडगा ज्याच्या कोकरांवर जगतो तो धनगर त्या हिशेबात कुठे बसतो, हा प्रश्न रास्त आहे. मी त्याला सांगितलं की मी पूर्वी याच तालुक्यात मोजणीला होतो. तो हसत म्हणाला, "मंग ते दगूड तुमीच लावलं व्हय!" आणि चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या म्हाताऱ्याचा प्रश्न मला तिथे, त्या चहाबरोबर, पहिल्यांदा नीट ऐकू आला.

घरी आल्यावर थोडं वाचन केलं. आपल्याकडे एक समज आहे की हे माळ म्हणजे तोडून उजाड झालेली जंगलं. त्यामुळे पावसाळा आला की आपण उत्साहाने माळावर खड्डे खणतो, गिरिपुष्प लावतो, फोटो काढतो. पण २०२५ मध्ये पुण्याच्या आयसरमधल्या आणि अमेरिकेतल्या मिशिगन राज्य विद्यापीठातल्या अभ्यासकांनी एक छान काम प्रसिद्ध केलं. त्यांनी जुनं मराठी साहित्य, संतांच्या आणि महानुभावांच्या ग्रंथांपासून लोकपरंपरेतल्या कथा-गाण्यांपर्यंत, चाळलं आणि त्यातल्या झाडांची नावं शोधली. बरीचशी नावं माळावरच्या झाडांची निघाली. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातलं हे गवताळ रान निदान साडेसातशे वर्षांपूर्वीही होतं. ते कुठलं तरी मेलेलं जंगल नव्हे. ते स्वतःच एक जिवंत रान आहे. तिथे दाट झाडी लावली की सावलीने गवत जातं, गवताबरोबर चिंकारा जातो, भोवत्या जातो.

आणि गेलेलं परत येत नाही, याचं उदाहरण शेजारीच आहे. सोलापूर जिल्ह्यात नान्नजला १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. ज्या पक्ष्याच्या नावातच माळ आहे, तो आज आपल्या महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झालाय. लांडग्यालाही नवी संकटं आहेत. गावाबाहेर टाकलेल्या कचऱ्यावर भटकी कुत्री वाढतात, ती चिंकाऱ्यांच्या मागे लागतात, लांडग्यांना रोग देतात. कुत्रा आणि लांडगा यांची मिश्र संतती आपल्या पुणे जिल्ह्यात आढळल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालंय. त्याशिवाय प्लॉटिंग आहेच.

प्लॉटिंगचं बोललो, तर घरचं सांगितल्याशिवाय हे भाषण पुरं होणार नाही. पुरंदर तालुक्यात आमची वडिलोपार्जित अकरा एकर जमीन आहे. त्यातली चार एकर पोटखराब, टेकाडाच्या अंगाची. आम्ही भाऊ ती कधी बघायलाही जात नव्हतो. दोन वर्षांपासून मात्र दलालांचे फोन येताहेत. पुतण्या म्हणतो, काका, नाहीतरी खराब जमीन आहे, विकून टाकू. त्याच्यावर कर्ज आहे, मुलांचं शिक्षण आहे. त्याचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही. आणि 'खराब' हा शब्द त्याला शिकवला कोणी? आमच्यासारख्यांनीच.

सफारीहून आल्यावर पंधरा दिवसांनी मी त्याला म्हटलं, विकायची की नाही ते नंतर बघू, आधी एकदा माझ्याबरोबर चल. पहाटे दोघंच गेलो. गाईडने शिकवलं होतं तसं बसलो, बोललो नाही. दोन ससे दिसले. तित्तर ओरडत होते. ओघळीच्या वाळूत पायांचे ठसे होते. लांडग्याचे की कुत्र्याचे, ते मला ओळखता आलं नाही. पुतण्याने त्यांचा फोटो काढला आणि म्हणाला, "काका, त्या गाईडला पाठवून विचारा ना." मी पाठवला. त्याचं उत्तर आलं, "लांडगा वाटतोय. पण पक्कं सांगायला मला जागा बघावी लागेल."

जमिनीचा निर्णय अजून झालेला नाही. कर्जाचे हप्ते ठशांनी फिटत नाहीत, हे मलाही कळतं. पण परवा भावांची बैठक झाली, तेव्हा पुतण्या त्या चार एकरांना 'वरचा माळ' म्हणाला. 'खराब' म्हणाला नाही.

तर श्रोतेहो, तुम्हीही जाऊन या. हिवाळ्यात जा, पहाटे जा. मळकट रंगाचे कपडे घाला. गाईड सांगेल ते ऐका आणि त्याला ढोलीजवळ न्यायचा आग्रह करू नका. लांडगा दिसला नाही तर पैसे फुकट गेले असं समजू नका. आणि येताना धनगराचा वाडा दिसला, तर दोन शब्द बोलून या. जायला जमलं नाही, तर निदान घरातला जुना सातबारा काढा. त्यावर कुठे पोटखराब लिहिलेलं असेल, तर एखाद्या सकाळी तिथे तासभर गप्प बसून बघा. लिहिणारा माझ्यासारखाच कोणी घाईत असेल.



(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)